सातव्या पायरीवरची आई

देवास, थोरली पाती
पौष शुद्ध ६, शके १८३०

तीर्थस्वरूप विश्वासरावदादा यांस मल्हारचे साष्टांग नमस्कार.

तुमचे दिवाळीचे पत्र पावले. उत्तराला इतका उशीर झाला, त्याला कारण चांगलेच आहे. आपल्या कमलचे लग्न मार्गशीर्षात ठरले. सरदारपूरचे बापूसाहेब, त्यांचा धाकटा मुलगा. माणसे साधी आहेत. वैशाखात मुहूर्त धरला आहे.

बोलणी उरकल्यावर त्यांच्याकडील एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले, "मुलीवर कुणाचा नवस राहिलाय का? असला तर आमच्या उंबऱ्याआत यायच्या आधी फेडा." मी आहे म्हणालो. खोटे कसे बोलणार?

तुम्हाला ते ठाऊकच आहे. कमल सात वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला. एकविसाव्या दिवशी वैद्यांनी हात टेकले, तेव्हा तिच्या आईने, तुमच्या बहिणीने इंदूने, तुमचेच पुस्तक उशाशी घेतले, बारवेच्या आईची, त्या बेलदाराच्या बायकोची, गोष्ट तिला मोठ्याने वाचून दाखवली आणि पानावर हात ठेवून बोलली, "आई, ही उठली तर धारेला येऊन तुझी ओटी भरीन आणि सातव्या पायरीवरचे पाणी हिला माझ्या ओंजळीने पाजीन." पोर उठली. त्यानंतर धारेला निघायचे दोनदा ठरले. एकदा नदीला पूर असल्याचे तुम्ही कळवले, एकदा तिकडे तापाची साथ होती. मग प्लेग आला आणि नवसानंतर आठ महिन्यांत तीच गेली. ते देणे माझ्याकडे राहिले.

तेव्हा मनात असे आहे. शाळेतली चौथीची चौदा मुले तुमचे पुस्तक गेली दोन वर्षे माझ्याकडे वाचतात. त्यांना ते पाठ आहे. लोखंडी लाट म्हणतात तो जुना खांब, मुंज तलाव, किल्ला आणि तुमची बारव, सगळे त्यांना दाखवावे आणि त्याच फेरीत कमलकडून ओटी भरून घ्यावी. पुस्तकात "पश्चिमेच्या वेशीबाहेर" एवढेच आहे. नेमकी वाट तुम्ही दाखवालच.

वहिनींना नमस्कार.

मल्हार


धार
पौष शुद्ध १३

राजमान्य राजश्री मल्हारराव मास्तर यांस विश्वासरावाचे आशीर्वाद.

कमलचे लग्न ठरले, फार आनंद झाला. हिने लगेच देवापुढे साखर ठेवली.

सहलीबद्दल मात्र नीट विचार करावा. थंडी कडाक्याची आहे. देवासहून इंदूर गाडीने, इंदुराहून महूपर्यंत रेल्वे, पुढे पुन्हा तेहतीस मैल बैलगाडी. चौदा पोरे म्हणजे चौदा पडशी. शिवाय तुमच्या गावात दरबार दोन. रस्त्याच्या या बाजूची पोरे थोरल्या पातीची, त्या बाजूची धाकट्या पातीची. दोन्हीकडची परवानगी यायला ज्येष्ठ उजाडेल.

आणि पुस्तक लिहून बावीस वर्षे झाली. तेव्हाची धार आता राहिली नाही. पडझड पुष्कळ झाली आहे. नवसाचे म्हणाल तर देवी सगळ्या एकच. तुमच्याकडे टेकडीवर माता आहेच. तिथे खण-नारळ वाहिला तर इंदूला पोचणार नाही का? तुम्ही भाविक आहात, मी सांगायला नको.

विश्वासराव


देवास
पौष वद्य १२

तीर्थस्वरूप दादांस साष्टांग नमस्कार.

तुमची काळजी वाचून बरे वाटले. तुम्ही धारेत बसून माझ्या पोरांची पडशी मोजता!

दोन्ही दरबारांची परवानगी नऊ दिवसांत आली. मी एक युक्ती केली. थोरल्या पातीच्या कारभाऱ्यांना म्हटले, धाकट्या पातीने होकार दिला आहे. धाकट्या पातीकडे जाऊन तेच उलट सांगितले. कुणालाच मागे राहायचे नव्हते. धाकट्या पातीने तर वर दोन घोंगड्या दिल्या. हे बोलणे खरे नव्हते, त्याबद्दल देवापुढे कान धरले आहेत.

देवी एकच, हे मला मान्य आहे. पण नवस माणूस बोलतो आणि माणसाला ठिकाण लागते. इंदूने टेकडीवरच्या मातेचे नाव घेतले नव्हते. टेकडी तर तिच्या खिडकीतून दिसत होती. तरी तिने डोळे मिटून साठ मैलांवरची बारव पाहिली. ती कुठे हात जोडत होती ते मी पाहिले आहे, त्यामुळे जागा बदलण्याचा अधिकार मला वाटत नाही.

आणि तुम्हाला माझ्या वर्गाची हकिकत कळवायची राहिली. काल दत्ताजी म्हणून एक मुलगा आहे, त्याने विचारले, "मास्तर, बेलदाराच्या बायकोने शेवटची घागर परक्याच्या पोराला दिली, मग तिच्या पोराला काय दिलं?" मी म्हटले, पुस्तक पुढे वाच. तो म्हणाला, "वाचलंय. बारवेला पाणी आलं. पण ते सकाळी आलं. रात्रभर तिचं पोर काय प्यालं?" मागून भैयासाहेब ओरडला, "अरे भिया, धारेला चाललोच आहोत ना, तिलाच विचारू!" सगळे हसले. पण दादा, त्या हसण्यात शंका नव्हती. शेजारच्या गावच्या मावशीला विचारू म्हणावे, तसे ते बोलणे होते. तुमच्या गोष्टीचे शेवटचे वाक्य, "ही बारव आजही आहे, आणि सातव्या पायरीवर आई आजही बसली आहे," हे ती मुले प्रार्थनेसारखे म्हणतात. लेखकाला याहून काय हवे?

माघ वद्य पंचमीच्या सुमारास पोचतो. सोबत कमल आणि तिची आत्या आहे.

मल्हार


धार
माघ शुद्ध ४

मल्हारराव यांस आशीर्वाद.

अवश्य यावे. उतरण्याची सोय आमच्या घरामागच्या धर्मशाळेत केली आहे.

बारव सापडली. गावापासून थोडी दूर, एका माळ्याच्या मळ्यात आहे. आत पाला साचला होता, तो दफ्तरातल्या शिपायाकडून काढवला. तुम्ही पोरांना पंचमीला आणू नका. सप्तमीला आणा, म्हणजे सगळी झाडलोट झालेली असेल.

विश्वासराव


देवास
फाल्गुन शुद्ध ३

तीर्थस्वरूप मामांस कमलचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. बाबा म्हणाले पत्र तूच लिही, म्हणून लिहिते. अक्षराला हसू नये.

मामा, मला धार फार आवडली. मुलांना रेल्वे जास्त आवडली असे आत्या म्हणते, पण ते खोटे आहे. रेल्वेत दत्ताजीच्या डोळ्यात कोळसा गेला आणि तो महूपर्यंत रडला. भैयासाहेबाने लोखंडी लाटेला मिठी मारून पाहिली आणि म्हणाला, "ही पुस्तकात फार मोठी होती." तुम्ही तेव्हा रागावलात का? तुमचा चेहरा तसा दिसला.

बारवेपाशी मुलांचे भांडण झाले ते तर तुम्ही ऐकलेच. पुस्तकात पायऱ्या सातच आणि तिथे मोजल्या तर तेवीस. भैयासाहेब म्हणाला, "ही ती नाहीच!" तेव्हा तुम्ही सांगितलेत, की वरच्या पायऱ्या मातीत गाडलेल्या, त्या नंतर खणताना सापडल्या, म्हणून खालून मोजा. मग सगळ्यांनी खालून मोजल्या आणि सातवीवर आई निघाली! मुलांनी लगेच हात जोडले. दत्ताजीला तिला काहीतरी विचारायचे होते, तोही नुसता हात जोडून उभा राहिला.

मी ओटी भरली. माझ्या आईचा हिरवा खण बाबांनी सहा वर्षे पेटीत ठेवला होता, तोच वाहिला. पाणी मात्र आईच्या ओंजळीने कसे प्यायचे? बाबा म्हणाले, तुझी ओंजळ तुझ्या आईसारखीच आहे, तूच पी. पाणी गढूळ होते. मी प्याले.

एक गंमत सांगते. मी डोके टेकले तर देवीचा शेंदूर माझ्या कपाळाला आणि दोन्ही तळव्यांना लागला. अगदी ओला होता. आत्या म्हणाली, देवीने कौल दिला. बाबांनी लगेच आपल्या उपरण्याने माझे हात पुसले. जोरात पुसले, मला दुखले. तुम्ही तेव्हा वर माळ्याशी बोलत होता. वर येताना माळ्याची म्हातारी बसली होती, ती बाबांना म्हणाली, "काल तक तो यां कई नी थो, भिया. यां तो म्हारा ढोर पाणी पिये." कालपर्यंत इथे काही नव्हते असे ती का म्हणाली, मला कळले नाही. मी बाबांना विचारले, तर म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला आठवत नाही. मुलांना त्यांनी पुढे घातले आणि रस्ताभर पाढे म्हणायला लावले.

बाबा परत आल्यापासून कमी बोलतात. आत्या म्हणते, नवस फिटला की माणसाला असे रिकामे वाटते.

सरदारपूरला बाबांनी कळवले, की नवस फिटला. आता लग्नाला तुम्ही आणि मामी आठ दिवस आधी यायचे.

तुमची
कमल


धार
फाल्गुन शुद्ध १२

मल्हारराव यांस.

कमलचे पत्र पावले. ते तुम्ही वाचून पाठवले की न वाचता, ते मला माहीत नाही. तुम्ही तिलाच लिहायला सांगितलेत, यावरून समजायचे ते समजलो.

ती बारव नाही. म्हणजे बारव आहे, पण ती आई तिथे नाही आणि कधीच नव्हती. कुणी मला ती गोष्ट सांगितली नव्हती. बावीस वर्षांपूर्वी एका दुपारी दफ्तरात टपाल यायचे होते, तेव्हा जुन्या अर्जाच्या पाठीवर ती मी लिहिली. शेवट नीट होत नव्हता. "ही बारव आजही आहे" असे लिहिले आणि गोष्ट उभी राहिली. तेवढ्यासाठी लिहिले. बेलदाराच्या बायकोला पुस्तकाबाहेर कुणी शोधायला निघेल, असे मनातही आले नाही.

तुम्ही येऊ नये म्हणून मी पत्रात थंडी, बैल, दोन दरबार, सगळे आणले. तुम्ही नऊ दिवसांत परवानगी आणलीत. मग मी गावाभोवती चार दिवस हिंडलो. माळ्याला चार गोड शब्द बोललो. दगड शिपायाने आणला. शेंदूर सप्तमीच्या पहाटे लावला. दोन दिवस आधी लावला असता तर वाळला असता, पण आदल्या दिवशीपर्यंत मला वाटत होते की मी तुम्हाला खरे सांगीन.

इतके लिहून थांबता आले असते. पण खरे ते याहून वाईट आहे.

इंदूने नवस बोलल्यावर चारच दिवसांनी मला पत्र लिहिले होते. तुम्हाला ते ठाऊक नसेल. तिचे पहिलेच स्वतःच्या हातचे पत्र. अक्षर वेडेवाकडे. "दादा, कमल उठली. मी येईपर्यंत दर शुक्रवारी तू आईला माझ्या नावाने तांब्याभर पाणी घाल." तेव्हाच लिहायचे होते, की बाई, तो दादाच्या मनाचा खेळ आहे, तू कुठल्याही देवाला जा. लिहिले असते तर तिला काय वाटले असते? पोर उठली ती कुणामुळे, असे वाटले असते. आणि दादा कसा, असेही वाटले असते. तीस वर्षे मी दफ्तरात दुसऱ्यांचे हुकूम नकलून काढले. माझे म्हणून जगात एक पुस्तक आणि ते खरे मानणारी एक बहीण. मी उत्तर दिले, "घालतो."

तिने मग दर महिन्याला विचारले. मी दर महिन्याला "घातले" म्हणून लिहिले. ती यायला निघाली तेव्हा नदीला पूर नव्हता. दुसऱ्या वेळी तापाची साथ नव्हती. मीच तिला थांबवले. दुसऱ्यांदा ती निघाली असती तर चैत्रात देवासला नसती. प्लेग आला तेव्हा ती माझ्या घरी असती.

हे सहा वर्षे कुणाला सांगितले नाही, हिलाही नाही. तुम्ही देवाचे माणूस आहात. काय ते शासन सांगा.

विश्वासराव


देवास
चैत्र शुद्ध ५, शके १८३१

तीर्थस्वरूप विश्वासराव यांस मल्हारचा नमस्कार.

पाडवा झाल्यावर उत्तर लिहावे असे ठरवले होते. वर्षाच्या पहिल्या दिवशी हे शब्द कागदावर नको होते.

कमलचे पत्र मी वाचले नव्हते. माझ्या तोंडून किंवा हातून काही खरे किंवा खोटे तुमच्याकडे जाऊ नये, म्हणून तिला लिहायला सांगितले. तिने काय लिहिले ते तुमच्या पत्रावरून कळले.

दगडाचे मला त्याच क्षणी कळले होते. मी खेड्यातल्या शाळेत शिकलो, आमची शाळाच देवीच्या ओसरीवर भरे. जुन्या तांदळ्यावर, म्हणजे देवीच्या बिनघडीव दगडावर, शेंदराचा पापुद्रा बोटभर चढलेला असतो, कडेने तो फुटतो, मुंग्या त्यात घर करतात. तुमच्या दगडाला टाकीचे टवके होते आणि मधोमध खुंट्याचे भोक. ती फुटलेल्या जात्याची तळी होती. कुणा बाईने त्यावर वर्षानुवर्षे दळले असेल. मी तो खण त्याच्यावर ठेवू दिला, कारण चौदा मुले आणि एक मुलगी हात जोडून उभी होती आणि मला पुढचे वाक्य सुचले नाही. तुम्ही पुस्तकाचे शेवटचे वाक्य लिहिताना जसे अडलात, तसाच मी अडलो. तिथपर्यंत मी तुम्हाला समजू शकतो.

म्हाताऱ्या माणसाला आठवत नाही, असे मी माझ्या मुलीला सांगितले. त्या जागेवर एकच खरे बोलणारे माणूस होते आणि त्याला मी खोटे ठरवले.

सरदारपूरला नवस फिटला म्हणून कळवले आहे. तो फिटलेला नाही आणि आता फिटणारही नाही, कारण फेडायला ठिकाणच नाही. हे कमलला सांगायचे तर तिला सांगावे लागेल, की तुझी आई ज्या दारात उभी राहून तुला मागत होती ते दार तुझ्या मामाने कागदावर काढलेले होते. ती हे ऐकून सासरी जाईल आणि पहिल्या तापाला तिला काय आठवेल? म्हणून सांगणार नाही. ही लबाडी तुमची नाही, माझी आहे. तिचा हिशोब मी माझ्या देवाला देईन.

शाळेत चौथीला ते पुस्तक अजून चालू आहे. बंद केले तर मुले कारण विचारतील. मी गोष्ट वाचतो आणि शेवटचे वाक्य सोडतो. पण त्यांना ते पाठ आहे. सगळा वर्ग एका सुरात ते म्हणतो आणि आता वर हात करून सांगतो, "आम्ही पाहिली आहे!" परवा दत्ताजीच्या आईने मला रस्त्यात थांबवले. तिचे धाकटे पोर अंगाने वाळत चालले आहे. "मास्तरसाहेब, धारेच्या बारवेला नवस बोलू का?" तिच्या मुलाने घरी सांगितले होते. मी म्हणालो, आधी वैद्याकडे न्या. ती म्हणाली, "वैद्य झाले. तुमची कमल उठली ना?" मला नाही म्हणता आले नाही, होही म्हणता आले नाही. ती होच समजून गेली.

तुम्ही शासन मागता. माझ्याजवळ नाही. इंदू जिवंत असती तर तिने तुम्हाला क्षमा केली असती, हे मला पक्के माहीत आहे, आणि म्हणूनच ती मी करणार नाही. तिच्या नावाने दुसऱ्याने काहीतरी उरकून टाकायचे, हे एकदा पुरे झाले.

दर महिन्याला तिचे पत्र जाई आणि तुमचे येई. मीच ते टपालात टाकत होतो. तुमचे उत्तर आले की ती कमलला मांडीवर घेई आणि म्हणे, "मामाने पाणी घातलं हं." शेवटच्या दिवसांत, आम्हाला गावाबाहेर झोपडीत ठेवले होते तेव्हा, ती मला म्हणाली, "माझं राहिलं, पण दादा घालतोय तोवर चिंता नाही." हे तुम्हाला कधी लिहिले नव्हते. सुख वाटावे म्हणून एखाद्या भेटीत सांगणार होतो. आता लिहिले, त्यात सुख द्यायचा हेतू नाही.

लग्न वैशाख शुद्ध एकादशीला आहे. तुम्ही यायचे. अंतरपाटाशी मुलीला मामाने आणावे लागते आणि कमलला दुसरा मामा नाही. आला नाहीत तर ती रडेल आणि लोक कारण विचारतील. आठ दिवस आधी येऊ नका. आदल्या दिवशी या. जानवसघराशेजारी भाऊबंदांची खोली आहे, तिथे उतरा. मुले तुम्हाला ओळखतील, पुस्तकावर सही मागतील, ती द्या.

मांडवात मी तुम्हाला वाकून नमस्कार करीन, कारण तुम्ही वडील आहात आणि सगळे पाहत असतील. तेव्हा मला आशीर्वाद देऊ नका. नुसते उभे राहा.

मल्हार